वडिलांना पार्किन्सन्स आहे, युनिव्हर्सिटीच्या रिसर्चमध्ये नाव द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६६ वर्षांचे, निफाड तालुक्यात द्राक्षबाग, चार वर्षांपासून पार्किन्सन्स, सिन्डोपा (म्हणजे लेव्होडोपाची गोळी) चालू. त्यांच्या डॉक्टरांनी विचारलंय की दोन-तीन युनिव्हर्सिट्या मिळून एक अभ्यास करतायत, त्यात एक बाहेरच्या देशातली आहे, तर रक्त द्याल का, एमआरआय काढाल का आणि वर्षातून एकदा मुंबईला यायला जमेल का. आई घाबरलीय, काका म्हणतायत की आपल्या माणसावर प्रयोग करतील आणि माहिती बाहेर विकतील, आणि मुलाला कळत नाहीये की हो म्हणावं की नको, यातून वडिलांना मिळणार काय.

मी नाशिकला २२ वर्षं न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करतोय. अशा अभ्यासांना पेशंट पाठवलेत, काही वेळा स्वतः तपासून फॉर्म भरून दिलेत, त्यामुळे जे बघितलंय ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी शेवटचा प्रश्न, कारण तिथेच लोकांची गफलत होते. वडिलांना थेट फायदा बहुतेक काहीच होणार नाही. कंप कमी होणार नाही, गोळी कमी होणार नाही. एखादा चांगला स्पेशालिस्ट तासभर बसून तपासेल हा झालाच तर फायदा, कारण आमच्या ओपीडीत एका पेशंटला तासभर मिळत नाही हे खरं आहे. पण बरं करायला बोलावतायत असं कुणी सांगितलं असेल तर ते चुकीचं सांगितलंय, आणि त्या आशेवर जाऊ नका, कारण मग दुसऱ्या वर्षी वडील म्हणतील की काहीच फरक नाही, कशाला जायचं, आणि असे अभ्यास नेमके तिथेच मोडतात.

मग जायचं कशाला? वडील रोज जी गोळी घेतात ना, ती कुठून आली ते सांगतो. १९६० साली व्हिएन्ना युनिव्हर्सिटीत ओलेह हॉर्निकिविच आणि हर्बर्ट एहरिंगर या दोघांनी वारलेल्या माणसांच्या मेंदूचे तुकडे तपासले, त्यात पार्किन्सन्सचे पेशंट होते फक्त सहा, आणि हा आजार नसलेले १७. डोपामिन, म्हणजे हालचाल नीट चालायला मेंदूला लागणारं रसायन, असलं की द्रावण गुलाबी होतं अशी तपासणी होती. निरोगी मेंदूच्या नळ्या गुलाबी झाल्या, पार्किन्सन्सवाल्यांच्या नळ्यांत रंग जवळजवळ आलाच नाही, मशीनमध्ये घालायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. तिथून कळलं की या आजारात मेंदूत डोपामिन संपतं. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, तिथल्याच वॉल्टर बिर्कमायर या डॉक्टरांबरोबर पेशंटना लेव्होडोपाचं इंजेक्शन देऊन बघितलं आणि बिछान्याला खिळलेली माणसं काही तास का होईना पण उठून चालली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी तोंडाने मोठा डोस हळूहळू वाढवत दिला आणि मग ते रोजचं औषध झालं. सहा पेशंट आणि १७ निरोगी माणसं, कुणाचीच नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांचे मेंदू तेव्हा तपासायला मिळाले नसते तर तुमच्या वडिलांना आज सकाळी सदऱ्याची बटणं लावता आली नसती.

(जाता जाता सांगतो, लेव्होडोपा आपल्या खाजकुइलीच्या बियांमध्ये आहे हे १९३७ मध्ये आपल्याच दामोदरन आणि रामस्वामी यांनी दाखवलं होतं. म्हणून वडील कपिकच्छूचं, म्हणजे या खाजकुइलीचंच, चूर्ण घेत असतील तर ते रिसर्चवाल्यांना आणि तुमच्या डॉक्टरांनाही सांगा, ते खरोखरचं औषध आहे, सिन्डोपाच्या वर जाऊन बसतं. लोक हे लपवतात, आयुर्वेदिक आहे त्याने काय होतंय म्हणतात, आणि मग अंग वेडंवाकडं हलायला लागलं की आमच्याकडे येतात.)

आता त्या १७ जणांकडे परत जाऊ, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती वडील नाहीत, आई आहे. ते सहा नुसते तपासले असते तर काहीच कळलं नसतं. ज्याला आजार नाही असा माणूस शेजारी लागतो, त्याला कंट्रोल म्हणतात, आणि आपल्याकडे पेशंट मिळतात पण कंट्रोल मिळत नाहीत. ज्याला काही झालं नाही तो कशाला रक्त देईल, एमआरआयच्या मशीनमध्ये पाऊण तास कशाला झोपेल? कर्नाटकात कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूरला बेंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेमधलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च एक अभ्यास करतंय, ४५ वर्षांपुढच्या गावातल्या माणसांचा, धडधाकट असतानाच तपासायला सुरुवात करायची आणि वर्षानुवर्षं परत परत तपासत राहायचं, १०,००० माणसांचं टार्गेट आहे. कारण मेंदूचे हे आजार दिसायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेले असतात. पार्किन्सन्समध्ये कंप सुरू होतो तेव्हा डोपामिन बनवणाऱ्या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच गेलेल्या असतात. आधी काय घडत होतं हे बघायचं तर आधीच बघायला लागणार ना.

आणि बायको हा फार चांगला कंट्रोल असतो. तेच घर, त्याच विहिरीचं पाणी, तीच भाकरी, वय जवळपास सारखं, पण रक्ताचं नातं नाही. तुमच्या आईच्या बाबतीत अजून एक आहे. फवारणीचा टँक त्यांनी चालवला नसेल पण विरळणी केली असेल, जीएचं डिपिंग, म्हणजे घड वाढीच्या औषधात बुडवायचं काम, केलं असेल, म्हणजे बागेत त्याही होत्याच, आणि हे चांगले रिसर्चवाले विचारतात. शिवाय साक्षीदार म्हणून त्याच. वडील सांगतील चार वर्षांपूर्वी उजवा हात हलायला लागला. आईला विचारा, त्या सांगतील की दहा वर्षांपूर्वीपासून झोपेत ओरडतात, लाथा मारतात, फोडणी करपली तरी वास येत नाही, पोट साफ होत नाही. वास जाणं, बद्धकोष्ठता, स्वप्नात हातपाय मारणं ही या आजाराची आधीची पावलं आहेत, आणि ती पेशंटला आठवत नाहीत, घरच्या बाईला आठवतात. तेव्हा त्यांना घाबरू नका म्हणून नुसतं समजावण्यापेक्षा सांगा की तुमच्याशिवाय हे होणार नाही. ते खरंही आहे.

आता वहीबद्दल. द्राक्षवाले असाल तर घरात फवारणीची वही असणारच. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बागायतदार आले होते, साठीचे, शांत माणूस, मुलगा हात धरून घेऊन आलेला. मी सहज विचारलं की बागेत काय काय मारायचात, तर पुढच्या वेळी मुलाने जुन्या वह्यांचा गठ्ठाच आणला, सुतळीने बांधलेला. ऑक्टोबर छाटणीपासून एकेक दिवस, तारीख, औषध, किती टँक, पाऊस झाला का, "डावण्या दिसला, परत मारले" असं सगळं (डावण्या म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग). मी औषधांची नावं बघायला म्हणून वही उघडली आणि दुसरंच दिसलं. सुरुवातीच्या वह्यांमध्ये अक्षर मोठं, मोकळं, एका ओळीला एक नोंद. नंतरच्या वह्यांमध्ये तीच ओळ सुरू होताना ठीक आणि उजवीकडे जाता जाता बारीक बारीक होत गेलेली, शेवटचा शब्द तर मुंगीएवढा. पार्किन्सन्समध्ये अक्षर असं लहान होत जातं हे आम्ही शिकतोच, पण हात हलायच्या तीन वर्षं आधीपासून ते वहीत उतरलेलं मी समोर बघत होतो, तारखेसकट. कुणी मुद्दाम ठरवून अशी नोंद ठेवूच शकला नसता. मी ते पान मुलाला दाखवलं तर तो म्हणाला आम्हाला वाटलं वडील शाई वाचवतायत.

औषधांचं म्हणाल तर तिथे मी जपून बोलतो. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी मुलं अचानक पार्किन्सन्स झाल्यासारखी आखडून गेली, भेसळीच्या नशेतून एमपीटीपी नावाचं रसायन त्यांच्या अंगात गेलं होतं. तेव्हा पहिल्यांदा पक्कं कळलं की बाहेरचं एखादं रसायन नेमक्या याच पेशी मारू शकतं. शरीरात त्या एमपीटीपीचं जे रूप होतं त्याची रचना पॅराक्वाटशी मिळतीजुळती आहे, म्हणजे आपल्याकडे बांधावर मारतात ते तणनाशक. मग यूसीएलए या युनिव्हर्सिटीच्या बियाटे रिट्झ यांच्या टीमने कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत अभ्यास केला, तोही द्राक्षाचाच पट्टा आहे, आपली थॉमसन द्राक्षं तिथेही लावतात, बेदाणाही तिथे होतो. कुठल्या शेतात कुठलं औषध मारलं याच्या सरकारी नोंदी तिथे १९७४ पासूनच्या मिळाल्या. २००९ मध्ये त्यांनी मांडलं की ज्यांच्या घरापासून ५०० मीटरच्या आत पॅराक्वाट आणि मॅनेब दोन्ही मारलं गेलं त्यांच्यात पार्किन्सन्सचा धोका ७५ टक्क्यांनी जास्त दिसला. मॅनेब म्हणजे आपल्या मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचा, ज्याला सगळे एम-४५ म्हणतात त्याचा, जवळचा भाऊबंद. भाऊबंद म्हटलं, तेच नाही म्हटलं. एम-४५ मुळे वडिलांना पार्किन्सन्स झाला असं मी म्हणत नाही, आणि कुणी इतक्या खात्रीने सांगत असेल तर ऐकू नका. आयुष्यभर फवारणी करून ठणठणीत असलेली माणसं निफाड-दिंडोरीत ढिगाने आहेत आणि कधी बाग न बघितलेले प्रोफेसरही माझ्याकडे पार्किन्सन्स घेऊन येतात. धोका वाढतो म्हणजे आजार होतोच असं नाही. पण आपल्या मातीत, आपल्या औषधांचं, आपल्या पद्धतीने मारलेल्याचं काय होतं हे कुणीतरी नीट मोजायला पाहिजे, आणि मोजायचं तर अशा वह्या आणि अशी माणसं पाहिजेत. कॅलिफोर्नियाचा आकडा उचलून नाशिकला चिकटवता येत नाही.

जीन्सचंही, म्हणजे आईबापांकडून उतरणाऱ्या जनुकांचंही, तेच आहे. २०१९ मध्ये पार्किन्सन्सच्या जीन्सचा एक मोठा अभ्यास आला, धोका वाढवणारे ९० बदल सापडले, जगभर गाजला, पण त्यातली सगळी माणसं युरोपीय वंशाची. मग २०२३ मध्ये नायजेरियातल्या लागोस युनिव्हर्सिटीने लंडन आणि अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर आफ्रिकी वंशाच्या पेशंटचं रक्त तपासलं तर जीबीए१ या जीनमध्ये असा बदल सापडला जो गोऱ्या लोकांमध्ये जवळपास नाहीच. इतकी वर्षं तो समोर असून दिसला नाही, कारण त्या लोकांचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं. उलट एलआरआरके२ या दुसऱ्या जीनमधला एक बदल उत्तर आफ्रिकेतल्या अरबांमध्ये आणि अश्केनाझी ज्यूंमध्ये भरपूर सापडतो आणि आपल्याकडे क्वचितच सापडतो. म्हणजे त्यांच्यासाठी बनलेली जीनची टेस्ट आपल्या माणसाला लावून "नॉर्मल" आलं म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. काका म्हणतात बाहेरच्यांना आपलं रक्त कशाला, तर मी म्हणतो की आपलं रक्त त्या हिशोबात नसलं तर पुढची औषधंही आपल्याला धरून बनणार नाहीत.

आणि आपल्याकडून जगाला कळलंय असंही आहे बरं का, नुसतं द्यायचंच असं नाही. २०१३ मध्ये हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटच्या सुवर्णा अल्लादी आणि एडिनबरा युनिव्हर्सिटीचे थॉमस बाक यांनी मिळून डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, ६४८ पेशंटचा अभ्यास मांडला. ज्यांना एकापेक्षा जास्त भाषा येत होत्या त्यांच्यात डिमेन्शिया साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि हे शाळेत न गेलेल्यांमध्येही दिसलं. हा अभ्यास युरोपात अवघड होता, तिथे दोन भाषा बोलणारा बऱ्याचदा बाहेरून आलेला असतो किंवा जास्त शिकलेला असतो, आणि मग फरक भाषेमुळे की त्यामुळे हे सुटं करता येत नाही. आपल्याकडे घरात अहिराणी, बाजारात मराठी, ट्रकवाल्याशी हिंदी हे कुणीही अडाणी माणूस करतो.

भाषेवरून आठवलं. मुंबईला गेल्यावर वडिलांची स्मरणशक्तीची टेस्ट होईल, तर ती कुठल्या भाषेत आहे ते आधी विचारा. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर गप्प बसणारी सुरगाण्याची आजी बाजारात टोपलीभर भाजीचा हिशोब तोंडी करते, मी स्वतः बघितलंय, आणि कागदावर तिचा स्कोअर बघितला तर डिमेन्शिया म्हणून शिक्का बसेल. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने आपल्या भाषांमध्ये टेस्ट बनवायचं काम केलंय पण सुरुवातीच्या पाच भाषांत, म्हणजे हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम, यांत मराठी नव्हती. म्हणून विचारा, आणि वडिलांना इंग्रजीतून भाषांतर करत करत प्रश्न विचारत असतील तर तिथेच बोला.

आता काकांची भीती, कारण ती उगाच नाहीये. माझेच काही पेशंट एका अभ्यासात गेले होते, रक्त दिलं, दोन वर्षं फॉर्म भरले, आणि पुढे त्याचं काय झालं हे त्यांना कुणी एका ओळीने कळवलं नाही. मी तीनदा मेल केला, उत्तर नाही. ते पेशंट आजही मला विचारतात आणि मला मान खाली घालावी लागते. त्यामुळे सही करायच्या आधी चार गोष्टी स्पष्ट विचारा आणि उत्तर टोलवलं तर सरळ घरी या.

पहिलं म्हणजे नुसतं निरीक्षण आहे की औषधाची ट्रायल. तुमच्या वर्णनावरून निरीक्षणच वाटतंय, म्हणजे वडिलांना नवीन काही देणार नाहीत. ट्रायल असेल तर सगळा हिशोबच बदलतो. ती सीटीआरआय या ट्रायल्सच्या सरकारी यादीत रजिस्टर असायलाच लागते, नंबर मागा आणि मोबाईलवर तिथल्या तिथे बघा. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांच्यावर आहे. निरीक्षण असो की ट्रायल, एथिक्स कमिटीची परवानगी लागतेच, आणि बाहेरची युनिव्हर्सिटी असली तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीचीही, तीही विचारा, चांगले लोक रागावत नाहीत.

दुसरं, सॅम्पल जाणार कुठे, राहणार किती वर्षं, आणि उद्या दुसऱ्याच कुठल्या अभ्यासाला किंवा कंपनीला देणार का. नावाऐवजी कोड टाकतात हे बरोबर आहे, तुमचं नाव फिरत नाही, पण जीन्सची माहिती शंभर टक्के निनावी कधीच होत नाही हेही खरं आहे, आणि हे जो तुम्हाला आपणहून सांगेल त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवेन. संमतीपत्रात पुढच्या वापरासाठी वेगळा चौकोन असतो, तिथे "नाही" वर खूण करूनही मूळ अभ्यासात बहुतेक वेळा राहता येतं. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी आणून वाचा. तिथल्या तिथे सही करा म्हणणारा माणूस घाईत आहे, तुम्ही नाही.

तिसरं, एमआरआयमध्ये भलतंच काही दिसलं, किंवा जीनमध्ये घराण्यात उतरणारं काही सापडलं, तर सांगणार का आणि कुणाला. हे आधी घरात बसून ठरवा. घरात लग्नाची मुलगी असली की "यांच्याकडे मेंदूचा आजार आहे" या एका वाक्याची लोक किती धास्ती घेतात हे मला माहीत आहे. खरं तर पार्किन्सन्सच्या पेशंटपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांच्याच घरात दुसऱ्या कुणाला तो असतो, बाकीच्यांत नाही. पण आम्हाला हे कळवून घ्यायचं नाही असं म्हणायचा अधिकार तुम्हाला आहे. आणि कधीही मध्येच बाहेर पडायचाही आहे, त्याने वडिलांच्या उपचारावर काही परिणाम होता कामा नये.

चौथं मी वर म्हटलं तेच, निष्कर्ष आम्हाला कोण कळवणार, त्या माणसाचं नाव आणि फोन. हे लेखी मागा.

तपासणीच्या दिवसाचं मात्र नीट ऐका. बऱ्याच अभ्यासांमध्ये औषध उतरलेल्या अवस्थेत बघायचं असतं, म्हणून आदल्या रात्रीपासून साधारण १२ तास सिन्डोपा घेऊ नका सांगतात. नाशिकहून पहाटे निघून, गोळी न घेता, चार तास गाडीत बसून गेलात तर वडील तिथे पोचेपर्यंत लाकूड झालेले असतील, पाय उचलणार नाही, आणि कसाऱ्याला ट्रॅफिक लागला तर विचारूच नका. आदल्या दिवशीच जा, राहायचा आणि जायचा-यायचा खर्च ते देतात का विचारा, बहुतेक देतात. गोळीचा डबा खिशात ठेवा, तपासणी झाली की लगेच द्या. आणि ही १२ तासांची गोष्ट फक्त त्यांनी सांगितली तरच आणि तेवढीच. स्वतःच्या मनाने दोन-तीन दिवस गोळी बंद ठेवून बघू असं अजिबात करू नका, एकदम बंद केल्याने ताप येऊन, अंग आखडून माणूस आयसीयूत गेलेला मी बघितलाय.

तारीख त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरची दिली असेल तर बदलून मागा. छाटणी झालेली असते, रोज डावण्याची धास्ती, वडील आता फवारणी करत नसले तरी जीव बागेतच अडकलेला असतो, असा माणूस टेस्टमध्ये लक्ष देत नाही. माल निघाल्यावरची तारीख मिळते, मी पेशंटसाठी मागून घेतलीय. जाताना आईला बरोबर न्या, आणि फवारणीच्या वह्या घरात असतील तर सगळ्या जुन्यापासून शोधून काढा. मूळ वह्या मात्र कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.